आप्पांनी कीबोर्ड पसंत केला

"ह्याचं पोट उघडून दावा," आप्पा म्हणाले.

दुकानदार मगदूमनं माझ्याकडं पाहिलं. मी दुकानाच्या छताकडं पाहिलं. इचलकरंजीतल्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात घासाघीस करणारी, नुसतीच पंख्याखाली येऊन बसणारी पुष्कळ गिऱ्हाइकं आजवर आली असतील. पण कोरा कीबोर्ड पालथा घालून त्याचे स्क्रू बोटानं चाचपणारं गिऱ्हाईक हे पहिलंच असावं.

"काका, उघडला तर वॉरंटी जाईल."

"मग जुना उघडा. बिघडलेला असंल की एखादा."

मगदूम माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, स्वभावानं गरीब, पण कीबोर्डचा विषय निघाला की त्याच्या अंगात यायचं. त्यानं माळ्यावरून दोन मेलेले कीबोर्ड काढले आणि खोलून काउंटरवर मांडले. आप्पांनी खिशातला चष्मा लावला. ते कारखान्यातनं सरळ तसेच आले होते. शर्टावर तेलाचे डाग, केसांत कापसाची पांढरी लव, आणि मागच्या खिशात पाना.

"हा साधा," मगदूम म्हणाला. "सगळ्या बटणांखाली मिळून एकच रबराची चादर. आणि हा मेकॅनिकल. ह्यात प्रत्येक बटणाचं घर वेगळं, स्प्रिंग वेगळी."

आप्पांनी रबराच्या चादरीवर अंगठा दाबला. "ही तर गादी हाय." मग दुसऱ्यातल्या एका बटणाची टोपी उपटून आतली स्प्रिंग दाबून पाहिली, सोडली, पुन्हा दाबली. "ह्यातलं एक बटण मेलं तर?"

"तेवढंच बदलायचं. थोडं सोल्डरनं डाग द्यायचं काम आहे. साधा बिघडला की अख्खा टाकून द्यायचा."

"मग यंत्र हे. ते नुसतं खेळणं."

एवढ्यात निकाल लागला असता तर बरं झालं असतं. पण आप्पा, म्हणजे माझे वडील तातोबा मुसळे, जॉबर होते. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. चोवीस यंत्रमाग धडधडत असताना मधून चालत जायचं आणि कुठला माग आजारी आहे ते ओळखायचं, हे त्यांचं काम. पान्याचं एक टोक मागाच्या चौकटीला टेकवायचं, दुसरं स्वतःच्या कानामागच्या हाडाला, डोळे मिटायचे, आणि सांगायचं, "सात नंबरचा धोटा घासतोय." धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर ये-जा करतो तो लाकडी ठोकळा. सगळ्या वस्तीत तातोबाच्या कानाचा लौकिक होता. दुसऱ्या कारखान्याचे मालकसुद्धा त्यांना सायकलवर डबलसीट बसवून न्यायचे.

आता तोच पाना त्यांनी खिशातनं काढला. मला दुकानाच्या शटरखालनं सरपटत निघून जावंसं वाटलं.

"टाइप कर," ते म्हणाले.

मगदूमनं एकेक कीबोर्ड जोडून दिला आणि मी प्रत्येकावर चार-चार ओळी टाइप केल्या. आप्पा पाना टेकवून डोळे मिटून उभे. दारातनं आत येणारी दोन माणसं तशीच थबकून बघत राहिली. चारशे रुपयांच्या साध्या कीबोर्डवर आप्पांनी मान हलवली. "मुकं हाय." तांबड्या बटणांचा मेकॅनिकल आला. "हे गुळगुळीत हाय. कुठं पोचलं ते सांगत न्हाई." तपकिरी आला. "हे सांगतंय, पर लाजत लाजत." शेवटी निळा आला. मी टाइप करू लागले आणि आप्पांचा चेहरा उजळला. पाना बाजूला ठेवून त्यांनी आख्खा तळहात काउंटरवर पसरला.

"हे उत्तर देतंय," ते म्हणाले. "हेच."

"काका, एक सांगतो," मगदूम पाठमोरा होऊन खोकं शोधत म्हणाला, "ह्या निळ्याचा आवाज फार असतो बघा. घरातल्यांना त्रास होतो. बरेच जण परत आणतात."

आप्पांनी माझ्याकडं बघून विचारलं, "स्टिकर मिळत्यात का मराठी अक्षरांची?"

मगदूमनं खांदे उडवले. आप्पांना नको ते ऐकू येत नाही, असं आई नेहमी म्हणायची.

"आवाज फार आहे म्हणतायत ते," मी त्यांना सांगितलं.

आप्पा खो खो हसले. "आवाज? ह्यो आवाज?"

मलाही हसू आलं. आमच्या घराची मागची भिंत हीच कारखान्याची भिंत. पहाटेपासून चोवीस माग आमच्या फळीवरची भांडी नाचवायचे. आमच्यात हाक मारायची पद्धतच नव्हती. खांद्याला हात लावायचा, नाहीतर भिंतीवर थाप द्यायची. तिथं एका कीबोर्डची टकटक म्हणजे समुद्रात चूळ टाकल्यासारखी.

"हेमाताई, खरं सांगू का," मगदूम जरा खालच्या आवाजात म्हणाला. "माझा धंदा असला तरी सांगतो. सगळ्यांना हा लागतोच असं नाही. बिल काढायचं, पत्र लिहायचं, त्याला चारशेचा पुरे. कित्येक लोक नुसते रंगीत दिवे लागतात म्हणून घेतात. पण जो रोज दोन-चार तास टाइप करतो त्याच्या बोटांना फरक कळतो. बत्तीसशे रुपये म्हणजे थोडे नाहीत. तुझं काम किती अडलंय, ते तू बघ."

माझं काम अडलं होतं ते असं.

एका सरकारी खात्यात लिपिक-टंकलेखकाच्या जागा निघाल्या होत्या. लेखी परीक्षेत मी चांगल्या नंबरानं निघाले. उरली ती टंकलेखनाची चाचणी. दहा मिनिटांत तीनशे मराठी शब्द. असल्याच चाचणीत याआधी दोन वेगवेगळ्या खात्यांत मी आपटले होते, आणि दोन्ही वेळा दहा-पंधरा शब्दांनी. मी अठ्ठावीस वर्षांची होते. या तिसऱ्या खेपेला नाही झालं तर टायपिंगचा नाद सोडायचा आणि आई जिथं जाते त्या कपड्यांच्या कारखान्यात तिच्या शेजारी शिवणयंत्रावर बसायचं, असं मी आईला कबूल केलं होतं. शिवणकामाला मी कमी लेखत नाही. पण मला ते नको होतं, आणि नको म्हणायला तोंड राहिलं नव्हतं.

माझं कुठं चुकतं ते इनामदार बाईंना कळत नव्हतं. चाळीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या बाई. त्यांच्या हाताखालून अर्धं गाव गेलेलं. त्या माझे कागद तपासून लाल पेननं गोल करायच्या आणि म्हणायच्या, "लक्ष नाही तुझं."

ते कागद एकदा आप्पांच्या हाती लागले. आप्पा चौथीपर्यंत शिकलेले, मराठी वाचायचे ते बोट ठेवून. पण त्यांनी कागद वाचलाच नाही. कापड तपासतात तसा तो खिडकीच्या उजेडात आडवा धरला. एक झाला, दुसरा धरला. दहा-बारा कागद तसे बघून मला खुणेनं जवळ बोलावलं.

"बघ. हितं दोन धागे. हितंबी दोन. आन् हितं धागाच न्हाई."

मी पाहिलं. प्रत्येक लाल गोलात एकतर एखादं अक्षर दोनदा उमटलेलं होतं, नाहीतर गायब होतं. स्पेलिंग, शब्द, ओळ, बाकी कशाचीच चूक नव्हती.

"तुझा हात बरोबर हाय," आप्पा म्हणाले. "बटण पोचलं का न्हाई ते तुला कळंना झालंय. म्हणून एकदा जास्त दाबतीस, एकदा कमी. धोटा पलीकडं पोचल्याचं कळलं न्हाई तर विणकर काय करंल? मागाला दोष असताना विणकराला शिव्या घालू नयेत."

चाळीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंना जे दिसलं नाही ते टायपिंगचा ओ की ठो माहीत नसलेल्या माझ्या बापाला खिडकीत उभं राहून दिसलं. तेव्हा मला नुसतं नवल वाटलं होतं. आज आठवलं की अभिमानानं ऊर भरून येतो. चाचणीच्या सूचनांत लिहिलं होतं, उमेदवारास स्वतःचा कीबोर्ड आणता येईल. ती ओळ मी आप्पांना वाचून दाखवली, आणि दुसऱ्याच दिवशी ते मला घेऊन मगदूमच्या दुकानात उभे.

निळा कीबोर्ड घेऊन आम्ही घरी आलो तेव्हा आईनं किंमत ऐकली, आणि ती आप्पांच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली. तिची भांडायची तीच रीत.

"बत्तीसशेत शिवणयंत्राचा अर्धा पाय आला असता!"

"अर्ध्या पायावर शिवणयंत्र हुबं ऱ्हात न्हाई," आप्पा म्हणाले.

इनामदार बाईंनी तर खोकं बघूनच नाक मुरडलं. "नाचता येईना अंगण वाकडं! हेमा, टाइप बोटं करतात. पी हळद हो गोरी असं असतं होय?"

मी कीबोर्ड जोडला आणि सुरुवात केली. बाईंचा क्लास सूत गुंडाळणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खालची यंत्रं सुरू असली की कॉम्प्युटरचे पडदेसुद्धा थरथरायचे, त्यामुळं तिथंही माझ्या टकटकीकडं कुणी मान वर करून पाहिलं नाही. बोटाखाली प्रत्येक अक्षर 'टक' करून सांगत होतं, मी पोचलो, आता पुढचं आण. मला पडद्याकडं बघायची गरजच पडेना. दहा मिनिटं झाली. बाईंनी शब्द मोजले. पुन्हा मोजले. तीनशे अठ्ठेचाळीस, आणि लाल गोल फक्त चार.

बाईंनी पेनचं टोपण लावलं. "वाकडंच होतं गं अंगण," त्या म्हणाल्या.

चाचणी कोल्हापूरजवळच्या एका कॉलेजात होती. आप्पांनी खाडा केला. इतक्या वर्षांत लग्नाकार्याला खाडा न करणारा माणूस इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, कीबोर्डचं खोकं मांडीवर घेऊन एस. टी.त बसला. मी घेते म्हटलं तर देईनात.

हॉलमध्ये चाळीस उमेदवार. दारं-खिडक्या बंद, एसी सुरू. पर्यवेक्षक वाघमोडे म्हणून होते, स्थूल, गंभीर, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी माझा कीबोर्ड उलटसुलट पाहिला, यादीत खूण केली आणि म्हणाले, "आधी दोन मिनिटं सरावाचा उतारा. सुरू करा."

मी सुरू केलं आणि पहिल्यांदाच माझा कीबोर्ड मला ऐकू आला.

देवाशप्पथ सांगते, दुकानाच्या पंख्याखाली, घरी, क्लासात, इतके दिवस तो मला असा ऐकूच आला नव्हता. बोटांना कळत होता तेवढाच. त्या गार, शांत हॉलमध्ये बाकी एकोणचाळीस कीबोर्ड पावसाळी किड्यांसारखे कुरकुरत होते, आणि मधोमध माझा एकटीचा खटाखट, खटाखट. जणू चोवीस मागांतला एक उठून माझ्याबरोबर एस. टी.त बसून आला होता. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस माना माझ्याकडं वळल्या.

"सर!" शेजारचा उमेदवार हात वर करून उभा राहिला. "हे काय चाललंय? माझी ओळ हरवतीय."

"सर, ह्यांनी शिवणयंत्र आणलंय," मागची एक मुलगी म्हणाली. सगळे हसले. तिला काय ठाऊक, मी आईला काय कबूल करून आले होते ते.

वाघमोडे आले. "ताई, हा बंद करा. हा घ्या आमच्याकडचा." त्यांनी एक चपटा काळा कीबोर्ड पुढं केला. मी त्यावर एक बोट ठेवलं. गादी. मुकी गादी. तो घेतला असता तर माझी चाचणी तिथंच संपली होती.

मी भांडखोर नाही. पण त्या दिवशी मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, सूचनांत लिहिलंय, स्वतःचा आणता येईल."

"अहो, पण एवढा आवाज..."

"आवाजाबद्दल काही लिहिलंय का सर?"

वाघमोड्यांनी सूचनांचा कागद काढला. वरून खाली वाचला. पान उलटून मागचं वाचलं. वायर हवी, असं होतं. दुसरं उपकरण जोडायचं नाही, असं होतं. आवाजाबद्दल अक्षर नव्हतं. त्यांनी कपाळ पुसलं आणि माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं. तिथं काय दिसलं कोण जाणे, पण ते एकदम मऊ झाले.

"बाकीच्यांचंही नुकसान नको," ते म्हणाले. "आणि तुमचंही नको. थांबा."

हॉलच्या मागच्या व्हरांड्यात प्लायवूडची भिंत घालून केलेली एक चिंचोळी खोली होती. त्यात मोठमोठ्या कपाटांत सर्व्हरची यंत्रं घुरघुरत होती, आणि भिंतीला टेकून एक टेबल, टेबलावर एक कॉम्प्युटर. बाहेर थांबलेल्या आप्पांच्या देखत मला तिथं नेऊन बसवलं. पहाऱ्याला एक बाई उभ्या केल्या. त्या बाईंनी आल्या आल्या कानाला पदर लावला. यंत्रांच्या त्या घुरघुरीनं त्या हैराण झाल्या. मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं.

घंटा झाली. उतारा पाटबंधाऱ्यांवरचा होता, जोडाक्षरांनी खच्चून भरलेला. मी समोरच्या कागदावर डोळे रोवले आणि हात सोडून दिले. टक, टक, टक. एकेक अक्षर पोचत होतं आणि मला सांगत होतं. मध्ये एका अगडबंब शब्दाशी दम अडकला. मी हात उचलला, श्वास घेतला आणि पुन्हा धरलं. उतारा पुरा झाला तेव्हा घड्याळात चाळीस सेकंद शिल्लक होते. मी हात मांडीवर ठेवले. असा आनंद मला त्याआधी झाला नव्हता. निकाल काय लागायचा तो लागो, काम मी माझ्या मनासारखं केलं होतं.

खोलीच्या दारातून बाहेर आले तर व्हरांड्यात आप्पा. त्याच प्लायवूडच्या भिंतीशी बाकावर बसलेले, डोळे मिटून. उजवा तळहात भिंतीवर सपाट टेकवलेला. त्यांच्या मागं वाघमोडे उभे.

"ओ काका, इथं बसायचं नाही." आप्पा हलले नाहीत. "काका! ऐकलं का? ओ काका!" हा तिसरा आवाज एवढा मोठा होता की व्हरांड्याच्या टोकाची माणसं वळून बघू लागली. आप्पांची पापणीही हलली नाही.

त्या व्हरांड्यात माग नव्हते. भांडी नाचत नव्हती. झाडावर एक पाखरू बोलत होतं तेही स्वच्छ ऐकू येत होतं. मी वाघमोड्यांना हातानं थांबवलं, आप्पांच्या मागं उभी राहिले आणि म्हणाले, "आप्पा."

काही नाही.

मी वळसा घालून पुढं गेले. खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"एकदाच थांबलीस," ते म्हणाले. "बाकी धागा तुटला न्हाई."

मला रडू आलं. वाघमोडे काय समजायचं ते समजले आणि चपला न वाजवता निघून गेले. मी आप्पांच्या शेजारी बसले, त्यांना माझं तोंड दिसेल अशी, आणि विचारलं, "कधीपासनं?"

त्यांनी थोडा वेळ न कळल्यासारखं केलं. मग हसले. चोरी पकडल्यावर लहान पोर हसतं तसं. "झाली की धा-बारा वर्सं."

"आणि मागाचं? सात नंबरचा धोटा? सगळं गाव म्हणतंय तातोबाचा कान..."

"हाताला कळतंय गं. हाडाला कळतंय. कान लावायचा नुसता बहाणा." त्यांनी तळहात माझ्यापुढं धरला, तेलानं काळ्या पडलेल्या रेघांचा. "जॉबरला ऐकू येत न्हाई म्हटल्यावर कोन कामावर ठेवंल? आन् कारखान्यात कुनालाच काय ऐकू येत न्हाई. सगळी तोंड बघूनच बोलत्यात. म्हणून खपून गेलं."

"आईला ठाऊक आहे?"

"हाय की. म्हणून तर ती पुढ्यात येऊन भांडती. मागनं भांडली तर वाया जातंय."

मी रडता रडता हसले, आणि मग दोघंही हसत बसलो. इतकी वर्षं ज्यांच्या कानाच्या गोष्टी मी मैत्रिणींना सांगत आले त्यांनी माझ्यासाठी कीबोर्ड निवडला होता तो हातानं आणि हाडानं. तो किती वाजतो हे त्यांना कळायचा प्रश्नच नव्हता, मगदूम सांगत होता तेव्हा तो पाठमोरा होता, आणि मी सांगितलं ते त्यांनी हसण्यावारी नेलं होतं. त्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "आगं बया! म्हणजे लई वाजतोय व्हय?" आणि पुन्हा हसू लागले. मग गंभीर होऊन म्हणाले, "कुनाला बोलू नकोस. कारखान्यात कळाय नगं." मी शब्द दिला.

निकाल दीड महिन्यानं लागला. मी मगदूमच्या दुकानात पडद्यावर यादी बघितली. एकदा मी बघितली, एकदा त्यानं, मग दोघांनी मिळून नंबर पडताळला. "अगं, खरंच तूच!" म्हणून तो ओरडला, आणि मी त्याचं अभिनंदन ऐकायला न थांबता पळत सुटले.

कारखान्यात दुपारची पाळी रंगात आली होती. आत शिरलं की आवाजाची भिंतच अंगावर यायची. आप्पा पंधरा नंबरच्या मागाशी ओणवे झाले होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि नुसते ओठ हलवले. "पास झाले. नोकरी लागली."

आप्पा सरळ झाले. हातातला पाना त्यांनी खाली ठेवला. मला वाटलं मला जवळ घेतील. पण ते माझ्या अंगावरून पुढं गेले, दोन रांगांमधनं तरातरा चालत दाराजवळच्या मोठ्या स्विचपाशी पोचले, आणि त्यांनी तो खाली ओढला.

चोवीस माग एकेक करत थांबले. चालू माग असा मध्येच थांबवला की कापडावर आडवी रेघ उमटते आणि मालक ते कापड कमी भावात घालवतो. विणकराचा हात नुसता स्विचकडं गेला तरी आप्पा अंगावर धावून जायचे. आता सगळे कामगार त्यांच्या तोंडाकडं बघत उभे राहिले. कारखान्यात कुणी शिंकलं तेही ऐकू आलं.

मालक ऑफिसातून धावत बाहेर आले. "लाइट गेली काय, तातोबा?"

त्यांचा चेहरा आप्पांच्या समोर होता. "न्हाई मालक. माझी पोरगी बोलत्या." आणि ते माझ्याकडं वळले. "हं. म्हण आता. मोठ्यानं म्हण."

"आप्पा," मी त्यांच्यापाशी जाऊन नुसत्या ओठांनी म्हणाले, "मोठ्यानं म्हटलं तरी तुम्हाला कुठं ऐकू येणार?"

"मला न्हवं गं," ते भर कारखान्यात, सगळ्यांच्या देखत, खणखणीत आवाजात म्हणाले. "मला कवाच ऐकू येत न्हाई. ह्यास्नी ऐकू दे."

मग मी ओरडून सांगितलं.